गावासाठी बांधून गेलेल्या माणसाचं नाव दगडावर आणायचंय? अर्जापासून अनावरणापर्यंत

आमच्या गावच्या मच्छी मार्केटातले ओटे तिरके आहेत. नवखा माणूस बघतो आणि म्हणतो, गवंड्याची पाणसळ चुकली. चुकलेली नाही. ओट्यावर मारलेलं पाणी मागच्या गटारात जावं, गिऱ्हाइकाच्या पायांवर येऊ नये, म्हणून एका जुन्या नगराध्यक्षाने तिथे स्वतः उभं राहून तो उतार काढून घेतला होता. मला हे आजीकडून माहीत. कागदावर शोधायला गेले तर कुठेच सापडेना, आणि मार्केटावर त्यांचं नाव तर नव्हतंच. तेव्हा मी, आमचे ग्रंथपाल आणि एक निवृत्त ओव्हरसियर असे तिघे मिळून ठरवलं की या माणसाचा एक फलक लावायचा. अडीच वर्षं लागली. त्यातलं एक वर्ष निव्वळ आमच्या चुकांचं. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहिते आहे.

हे नगरपरिषद किंवा नगरपंचायत असलेल्या गावांसाठी आहे. ग्रामपंचायत असेल तर सर्वसाधारण सभेच्या जागी ग्रामसभा आणि मासिक सभा धरा. बाकीचा प्रवास बराचसा तोच.

१. आधी काम निवडा

"अमुक साहेबांचं काहीतरी करायला हवं" असं म्हणत निघालात तर गाडी चौकाच्या नावावर जाऊन अडते. कोणत्या चौकाला, कोणाचं, त्यांचंच का, आमच्या काकांचं का नाही. त्याऐवजी गावात हिंडून बघा: कुठली पाखाडी (दगडी पायवाट), कुठला धक्का, कुठली पाण्याची टाकी, कुठली शाळा आजही लोक वापरतात? ती कोणी केली? उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे. "त्यांनी गावासाठी खूप केलं" हे उत्तर नाही.

रत्नागिरीचे भागोजीशेठ कीर घ्या. पतितपावन मंदिर त्यांनी बांधून दिलं, १९३१ साली ते सर्वांना खुलं झालं. मुंबईत दादरला शिवाजी पार्कजवळच्या स्मशानभूमीला त्यांचं नाव आहे. ते कुठल्या खुर्चीवर बसले होते म्हणून हे नाव टिकलेलं नाही. वास्तू वापरात आहे, म्हणून ते रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडी येतं.

आणि एक पथ्य आम्ही पाळलं, तुम्हीही पाळा: हयात माणसाचं नाव घेऊ नका. तो उद्या कुठल्या पक्षात असेल, कुठल्या चौकशीत असेल, सांगता येत नाही.

२. पुतळा, चौक की फलक?

पुतळा नको. मी सरळच सांगते. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ च्या आदेशात रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळे किंवा इतर बांधकामं उभारायला परवानगी देऊ नका असं राज्यांना बजावलं आहे. जागा त्यातून सुटणारी असली तरी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, देखभालीची जबाबदारी, अशी रांग लागते. समुद्राकाठी पुतळा उभा ठेवणं म्हणजे काय, ते कोकणाने पाहिलं आहे. मालवणात राजकोटला ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवरायांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. खाऱ्या वाऱ्यात नटबोल्टांचं काय होतं हे त्यानंतर गावोगावच्या चहाच्या टपरीवर बोललं गेलं.

चौकाला किंवा रस्त्याला नाव देता येतं, पण जुनं नाव पुसून नको. मुंबईतल्या क्रॉफर्ड मार्केटचं कागदावरचं नाव महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. आर्थर क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. त्याचं नाव कागदावरून काढलं, टॅक्सीवाल्याच्या तोंडून निघालं नाही. आपल्याकडे तर तिठा, पार, घाटी, व्हाळ यांची नावं म्हणजे गावाचा नकाशाच आहे. पिंपळपाराला कोणाचंही नाव दिलंत तरी लोक पिंपळपारच म्हणणार, आणि तुमच्या माणसाचं नाव फक्त लग्नपत्रिकेतल्या पत्त्यावर उरणार.

म्हणून फलक. ज्या वास्तूसाठी त्या माणसाची आठवण ठेवायची, त्याच वास्तूवर, दोन-तीन फूट रुंदीचा.

३. पुरावा गोळा करा, तोही पावसाआधी

सभेत पहिला प्रश्न येतो: "कशावरून?" आजीचं सांगणं तिथे चालत नाही. शोधायच्या जागा या:

नगरपरिषदेचं इतिवृत्त पुस्तक, म्हणजे बोलीतलं प्रोसिडिंग बुक. त्यात ठराव, सूचक (ठराव मांडणारा), अनुमोदक (त्याला पाठिंबा देणारा), खर्चाची मंजुरी सगळं असतं. कोकणातल्या कित्येक नगरपालिका १९व्या शतकातल्या आहेत. रत्नागिरी आणि चिपळूणची स्थापना १८७६ ची, पनवेलची त्याहून जुनी, १८५२ ची. त्यामुळे जुन्या वह्यांत मोडी लिपीही भेटेल. घाबरू नका, मोडी वाचणारे लोक अजून आहेत. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्गही घेतं.

गावची वाचनालयं. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं. जुनी साप्ताहिकं, स्मरणिका, शाळेची शतकमहोत्सवी पुस्तकं इथेच मिळतात. आमच्या नगराध्यक्षांचा फोटो मिळाला तो एका नाट्यमंडळाच्या स्मरणिकेत, दाढीमिशी लावलेला. तो अर्थातच वापरला नाही.

बिलं आणि मोजमाप पुस्तक, म्हणजे एम. बी. आमच्या ओव्हरसियर काकांनी हट्ट धरला म्हणून तेही बघितलं, आणि सोनं तिथेच निघालं. ओट्यांच्या नोंदीपुढे उताराचं माप होतं, आणि खाली चार गवंड्यांची नावं, मजुरीसकट.

दप्तर बघू देत नसतील तर आधी गोडीने दोनदा विचारा. नाहीच ऐकलं तर माहितीचा अधिकार. २००५ च्या कायद्याखाली जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस, प्रतींना पानाला २ रुपये. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो. आम्ही पहिल्या अर्जात मार्केट, टाकी आणि बालवाडी असे तीन विषय घातले, तो तसाच परत आला. उत्तर आलं नाही तर २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील करायचं. "सर्व माहिती द्यावी" असं मोघम लिहू नका. "अमुक ते अमुक सालातल्या मार्केट बांधकामाच्या इतिवृत्ताची व मोजमाप पुस्तकाची पाहणी करून हव्या त्या पानांच्या प्रती मिळाव्यात" असं लिहा.

जे दिसेल त्याचा तिथल्या तिथे फोटो काढा. पुढच्या वेळी येऊन बघू, हे कोकणात चालत नाही. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. २००५ च्या पुरात त्यात पाणी शिरलं आणि २२ जुलै २०२१ ला पुन्हा. पूर नसला तर वाळवी आहेच.

४. घरच्यांना विचारा

ही पायरी आम्ही विसरलो होतो. अर्ज टाकून झाला आणि मुंबईहून त्यांच्या नातवाचा फोन आला, "आम्हाला न विचारता?" माणूस भला होता, पण त्याचं बरोबर होतं. वारस चार ठिकाणी असतील तर चौघांकडून साध्या कागदावर संमती घ्या. नावाचं नेमकं रूप, वडिलांचं नाव, जन्म-मृत्यूची सालं त्यांच्याकडूनच तपासून घ्या. गावात ज्यांना सगळे आडनावाने ओळखत, त्यांचं कागदावरचं आडनाव वेगळं निघालं, हे आम्हाला तेव्हाच कळलं.

फलकाचा खर्च घरच्यांनी करायची तयारी दाखवली तर विचार करा. पैसे घेतलेत की मजकूरही त्यांचा येतो. आम्ही शंभर-दोनशेच्या पावत्या फाडल्या, मार्केटातूनच.

५. जागा नक्की कोणाची?

भिंत नगरपरिषदेची आणि समोरचा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, असं सर्रास असतं. जेटी असेल तर मेरीटाईम बोर्ड, जुनी शाळा जिल्हा परिषदेची, बसस्टँड एसटीचं. सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका किंवा सातबारा काढा आणि मगच कोणाला अर्ज करायचा ते ठरवा.

किल्ल्याशेजारी असाल तर जास्तच सांभाळून. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, अलिबागचा कुलाबा, जंजिरा ही केंद्र संरक्षित स्मारकं आहेत. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. जुन्या भिंतीवर पाटी ठोकणं वेगळं आणि चबुतरा बांधणं वेगळं, पण लेखी विचारून घ्या.

६. अर्ज

मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लिहा, प्रत नगराध्यक्षांना. सोबत:

– व्यक्तीचा एक पानी परिचय. दोन पानं कोणी वाचत नाही
– इतिवृत्त, मोजमाप पुस्तक यांच्या साक्षांकित प्रती
– वारसांची संमतीपत्रं
– मिळकत पत्रिका, जागेचा हाताने काढलेला नकाशा, भिंतीचा फोटो
– फलकाचं माप, साहित्य आणि पूर्ण मजकूर
– खर्च कोण करणार आणि देखभाल कोण करणार याचं हमीपत्र
– तिथे रोज वावरणाऱ्या लोकांच्या सह्या

शेवटच्या मुद्द्याबद्दल थोडं. आम्ही सह्या घ्यायला सकाळी मार्केटात गेलो. सुरमईचे तुकडे पाडता पाडता एका मावशीने मजकूर ऐकून घेतला, हात पदराला पुसले, अंगठ्याऐवजी नीट सही केली आणि म्हणाली, "बाई, पाटी लावतास ता बरा. पन आधी ह्यो नळ चालू करा." नळ खरोखर सुका होता, तोटीला प्लास्टिकची पिशवी बांधलेली. त्या उताराला पाणीच नसेल तर उताराचं कौतुक कसलं! आम्ही त्याच अर्जात नळदुरुस्तीची मागणी जोडली. सभेत फलकावर कोणी फारसं बोललं नाही, नळावर अर्धा तास चर्चा झाली, आणि त्या ओघात फलक मंजूर झाला. तुमच्या वास्तूचं जे काही मोडलं असेल ते अर्जात घाला. युक्ती म्हणून नव्हे. पण युक्ती म्हणूनही चालते.

अर्ज आवक-जावक खिडकीवर द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. "ठेवून जा, साहेबांना सांगतो" म्हणणाऱ्याकडे काहीही ठेवून जाऊ नका. आमचा पहिला अर्ज असाच गेला. सात महिन्यांनी कळलं की तो आलाच नव्हता.

७. सभा आणि ठराव

विषय आधी संबंधित समितीकडे जातो, मग सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर येतो. "आयत्या वेळचे विषय" यात घुसवू नका. विरोध करणाऱ्याला आयतं निमित्त मिळतं. सूचक आणि अनुमोदक वेगवेगळ्या गटांचे मिळाले तर उत्तम. आम्ही दोन्हीकडच्या नगरसेवकांच्या घरी गेलो, दोन्हीकडे चहा झाला, आणि दोन्हीकडे आम्हाला सांगण्यात आलं की ही कल्पना मुळात त्यांचीच.

प्रशासक असतील तर ठराव प्रशासकीय होतो आणि काम लवकर होतं. पण पुढे निवडून आलेल्या मंडळींना तो आपला वाटत नाही, तेव्हा त्यांनाही प्रत नेऊन द्या. आचारसंहिता लागली की सगळं थांबतं. निवडणुकीचा अंदाज घेऊनच तारखा धरा. आणि नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. तक्रार झाली तर हेच कलम निघतं, म्हणून आधीची कागदपत्रं चोख हवीत.

ठराव झाला म्हणजे काम झालं, असं समजू नका. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्येच सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला होता. तळ्याचं पाणी मात्र खुलं झालं नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर चवदार तळ्यावर गेले, नगरपालिकेतले सुरेंद्रनाथ टिपणीस त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि तरी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. अस्पृश्यांच्या बाजूने हायकोर्टाचा निकाल १९३७ मध्ये आला. त्यापुढे आपली पाटी म्हणजे काहीच नाही, पण नगरपालिकेचा कागद आणि रस्त्यावरचं वास्तव यांत किती अंतर असतं ते तिथे दिसतं. तेव्हा ठरावाची साक्षांकित प्रत हातात घ्या, त्यावरचा क्रमांक आणि तारीख तपासा, आणि कार्यादेश निघेपर्यंत दर पंधरवड्याला कचेरीत तोंड दाखवा.

८. मजकूर

विशेषणं काढा. 'थोर', 'विकासपुरुष', 'दानशूर', 'कर्तव्यदक्ष' हे सगळं खोडल्यावर जे उरतं ते लिहा. आमचा मजकूर साधारण असा होता:

"या मार्केटातील ओटे, उतार व गटार यांचे काम नगराध्यक्ष कै. (नाव) यांच्या देखरेखीखाली (साल) मध्ये झाले. गवंडी: (चार नावे)."

गवंड्यांच्या नावांवर एका सदस्याने हरकत घेतली, "पायंडा पडेल." पडू दे की.

दुसरा सापळा असा की फलकावर तीन ओळी त्या माणसाच्या आणि नऊ ओळी 'शुभहस्ते', 'प्रमुख उपस्थिती', 'सर्व सन्माननीय सदस्य' यांच्या होतात. हे टाळता येत नाही, पण वेगळं करता येतं. अनावरणाची कोनशिला स्वतंत्र करा, लहान, बाजूच्या भिंतीवर. नामफलकावर फक्त ज्याचा त्याचा मजकूर. हे ठरावातच लिहून घ्या, नाहीतर छपाईच्या आदल्या रात्री फोन येतात.

तिसरा सापळा अक्षरांचा. फलक करणारा कोरल ड्रॉ या संगणकावरच्या आरेखनाच्या प्रोग्राममध्ये काम करतो, तुम्ही मोबाईलवरून युनिकोडमध्ये मजकूर पाठवता, आणि फॉन्ट बदलताना 'किनाऱ्यावर'मधला ऱ्या तुटतो, 'दुरुस्ती'ची 'दुरूस्ती' होते. अंतिम मजकूर 'कर्व्ह' करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून, पीडीएफ मागा, ती कागदावर खऱ्या मापात छापा आणि तिघांनी वेगवेगळ्या दिवशी वाचा. एकाने शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे वाचत यावं. दगडावरची वेलांटी खोडरबराने जात नाही.

९. दगड, स्क्रू आणि पाऊस

पितळ आणू नका. खाऱ्या हवेत काळं-हिरवं होतं आणि भंगारवाल्याचीही त्यावर नजर असते. पांढरा संगमरवर एका पावसाळ्यात शेवाळतो. फ्लेक्सबद्दल बोलायलाच नको. काळा ग्रॅनाइट घ्या, आणि अक्षरं नुसती रंगवलेली किंवा वरवर घासलेली नकोत, खोल खोदलेली हवीत. सोनेरी रंग दोन-चार वर्षांत उडतो. खोदकाम खोल असलं तर रंगाशिवायही वाचता येतं. बोट फिरवून बघा, अक्षर हाताला लागलं पाहिजे.

स्क्रू आणि कंस स्टेनलेस स्टीलचे, आणि तेही ३१६ ग्रेडचे. दुकानदार ३०४ देईल आणि "तेच असतं" म्हणेल. तेच नसतं. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, मिठाच्या हवेला ते जास्त तोंड देतं. आमच्या इथल्या एका बागेच्या पाटीला चांगला दगड आणि साधे लोखंडी स्क्रू लावले होते. आता नावाच्या दोन्ही बाजूंना तपकिरी ओघळ आहेत, पाटी रडल्यासारखी दिसते.

भिंत जांभ्याची असेल तर चिऱ्यात थेट फास्टनर ठोकू नका. चिरा भुसभुशीत, फास्टनर पकडतो आणि पहिल्या वादळात सुटतो. भोक मोठं पाडून केमिकल अँकर (रसायनाने चिकटवून बसवायचा बोल्ट) वापरा किंवा फलकाएवढा काँक्रीटचा पॅड आधी भिंतीत बसवून घ्या. वजनदार दगड असेल तर खाली आधाराचा कोन हवाच.

जागा निवडताना पावसात उभं राहून बघा. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून तिरका येतो, तेव्हा पश्चिमेची आणि दक्षिणेची उघडी भिंत टाळा. पागोळ्या जिथे पडतात त्या रेषेखाली फलक नको. पाणी उडून खालचा अर्धा भाग कायम मातकट राहतो. काम दिवाळीनंतर सुरू करा आणि एप्रिलअखेर संपवा. मे महिन्यात सगळे गवंडी घरं शाकारण्यात आणि पावसाळ्याआधीच्या कामांत असतात, तुमचा फोन कोणी घेत नाही.

१०. अनावरण आणि नंतर

तारीख पाहुण्यांच्या सोयीने धरली तर पाच वेळा बदलते. आम्ही चौथ्या बदलानंतर सांगितलं की मार्केट सोमवारी सकाळी अकराला रिकामं असतं, तेव्हाच होईल. झालं. नारळ सही करणाऱ्या मावशीने फोडला.

नंतरची दोन कामं मात्र राहू देऊ नका. फलकाची नोंद नगरपरिषदेच्या मालमत्ता नोंदवहीत करून घ्या. उद्या मार्केट पाडून नवं संकुल झालं तर नोंद नसलेला दगड डेब्रिसबरोबर जातो. ठरावात "वास्तूची पुनर्बांधणी झाल्यास फलक नव्या वास्तूत बसवावा" असं वाक्य घालून घेतलं असेल तर फारच छान. आम्हाला ते उशिरा सुचलं, त्यासाठी वेगळा अर्ज टाकला आहे, आवक क्रमांकासकट.

आणि साफसफाई. वर्षातून दोनदा, मे अखेर आणि गणपतीनंतर. साधं पाणी, मऊ ब्रश. ॲसिड, फरशी पुसायचं औषध काही नको. दगडाची चकाकी जाते आणि सांधे खराब होतात. आमच्या फलकावर बांगड्याचे खवले उडून चिकटतात, ते वाळायच्या आत निघतात, नंतर नखाने खरवडावे लागतात. नळ आता चालू आहे, त्यामुळे बादली घरून न्यावी लागत नाही.